खजिन्यात पैसे आहेत, चेकवर सही नाही: अमेरिकेचं सरकार बंद पडतं म्हणजे काय होतं?

१ ऑक्टोबर २०२५ला अमेरिकेच्या कामगार खात्याचं 'फ्लॅग' नावाचं एक पोर्टल बंद झालं. एच-वन-बी व्हिसावर माणूस घ्यायचा असेल, तर कंपनीला आधी या पोर्टलवर 'एलसीए' नावाचा अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो. या माणसाला आम्ही त्या भागातल्या चालू दरापेक्षा कमी पगार देणार नाही, अशी ती हमी असते. एरवी कामाच्या सात दिवसांत मंजुरी हातात पडते. पोर्टलच बंद म्हटल्यावर अर्जच करता येईना. ज्याची नोकरी सप्टेंबरात गेली, त्याला दुसरी नोकरी शोधून कागद पुढे सरकवायला ६० दिवसांची मुदत असते. नवी कंपनी घ्यायला तयार आहे, पगार ठरला आहे, आणि केवळ या एका कागदासाठी सगळं अडलेलं. झालेला उशीर शटडाऊनमुळे, म्हणजे सरकार बंद पडल्यामुळे, झाला हे आम्ही ध्यानात घेऊ, असं इमिग्रेशन खात्याने सांगितलं. पण 'ध्यानात घेऊ' या शब्दांवर मुलांच्या शाळेचं आणि घरभाड्याचं गणित मांडता येत नाही. एच-वन-बीच्या मंजुऱ्यांमध्ये दहापैकी सात जण भारतीय असतात. म्हणजे ही काळजी पुण्या-नाशिकच्या घरांपर्यंत पोचणारच होती.

आणि वॉशिंग्टनमध्ये भांडण कशावरून चाललं होतं? आरोग्य विम्याच्या सवलतीवरून. व्हिसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. शटडाऊन नीट समजून घ्यायचा असेल, तर मला वाटतं इथूनच सुरुवात करावी: भांडण एका जागी होतं आणि फटका भलत्याच जागी बसतो.

अनेकांचा समज असतो की अमेरिकेकडचे पैसे संपले म्हणून सरकार बंद पडलं. तसं नसतं. एखादी हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. बँकेत पैसे आहेत, मेंटेनन्स वेळेवर जमा होतोय. पण चेकवर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघांच्याही सह्या लागतात आणि तिघांचं वाजलं आहे. खजिनदार म्हणतो, पार्किंगचा नियम बदला, मगच सही करतो. मग काय होतं? वॉचमनला सांगतात, तू येत राहा, पगार नंतर बघू. बागेच्या माळ्याला सांगतात, घरी बस. लिफ्टच्या देखभालीचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच भरलेले असतात, म्हणून लिफ्ट चालू राहते. हे सगळं चाललेलं असताना सोसायटीचं खातं भरलेलंच असतं.

अमेरिकेतल्या तीन सह्या म्हणजे प्रतिनिधीगृह, सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असं त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. राजाने मनाला येईल तसा खर्च करू नये, लोकांच्या प्रतिनिधींना विचारून करावा, हा त्यामागचा विचार. तो चांगलाच आहे. आपल्या घटनेतही संचित निधीबद्दल जवळजवळ हाच नियम आहे. मग तिथेच सरकार का बंद पडतं?

याचं उत्तर राज्यघटनेत सापडत नाही. ते एका जुन्या कायद्यात आणि त्याच्या एका अर्थात आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली खाती एक युक्ती करायची. वर्षाचे पैसे काही महिन्यांतच उडवायचे आणि मग काँग्रेसपुढे, म्हणजे त्यांच्या संसदेपुढे, हात पसरायचे: आता द्या, नाहीतर सैनिक उपाशी राहतील. काँग्रेसला नाही म्हणता यायचं नाही. ही सवय मोडायला १८७० पासून टप्प्याटप्प्याने 'अँटिडेफिशियन्सी' कायदा झाला. मंजुरी नसताना खर्च करायचा नाही, पुढच्या खर्चाचा शब्द द्यायचा नाही, आणि कुणाकडून फुकट कामही करून घ्यायचं नाही. मुद्दाम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही पुढची शंभर वर्षं सरकार बंद पडलं नाही. मंजुरीला उशीर झाला तर खाती थोडा हात आखडता घ्यायची, प्रवास आणि नवी भरती थांबवायची. पण कचेऱ्या उघड्या असायच्या. १९७७मध्ये गर्भपाताच्या सरकारी खर्चावरून काँग्रेसमध्ये तीनदा पेच पडला, दर वेळी आठवडा-दीड आठवडा मंजुरी लांबली, आणि लोकांना फारसं काही जाणवलंही नाही. मग एप्रिल १९८०मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लेखी मत दिलं की कायद्याचा अर्थ अक्षरशः घ्यायला हवा: मंजुरी नाही, तर काम बंद. सहाच दिवसांनी, १ मे १९८०ला, फेडरल ट्रेड कमिशन हे व्यापारावर नजर ठेवणारं सरकारी खातं एक दिवस बंद राहिलं. १९८१च्या जानेवारीत त्यांनी त्याला एक खिडकी ठेवली: माणसांचा जीव आणि मालमत्ता वाचवण्याची कामं चालू राहतील. आज विमानतळावरचा तपासनीस बिनपगारी कामावर असतो आणि संग्रहालयातला कर्मचारी घरी असतो, ती वाटणी या दोन मतांमधून आली आहे.

हे मी इतकं विस्ताराने सांगतोय, कारण शटडाऊन ही लोकशाहीची अपरिहार्य किंमत आहे असं पुष्कळदा मांडलं जातं. दोनशे वर्षं ती किंमत कुणी मोजत नव्हतं.

आता पेच कसा पडतो ते पाहू. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी बारा विनियोजन विधेयकं, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारी विधेयकं, मंजूर व्हायला हवीत: शेती, संरक्षण, वाहतूक वगैरे प्रत्येकाचं वेगळं. ही सगळी वेळेवर मंजूर झाल्याचं शेवटचं वर्ष १९९७, म्हणजे ते काम १९९६च्या सप्टेंबरात पुरं झालं. त्यानंतर एकदाही नाही. मग 'कंटिन्युइंग रिझोल्यूशन' काढतात, म्हणजे गेल्या वर्षी होता तोच खर्च आणखी काही आठवडे चालू ठेवायचा. पण तेही विधेयकच, त्यालाही तीन सह्या लागतात. त्यात सिनेटची रीत अशी की चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर शंभरातली ६० मतं हवीत. एका पक्षाकडे इतक्या जागा क्वचितच असतात. २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन होते, दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचं होतं. पण सिनेटमधल्या जागा ५३. म्हणून सत्ता एकाच पक्षाकडे असूनही गाडी अडली.

ज्याच्याशिवाय काम अडतं, त्याला भाव येतो. आपल्याकडेही शेवटच्या एका सहीसाठी फाइल अडवून बसणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला आहे. एरवी जी मागणी कुणी ऐकणार नाही, ती मुदतीच्या आदल्या रात्री पुढे करायची. गेल्या तीस वर्षांतले मोठे शटडाऊन याच रस्त्याने आले.

१९९५च्या नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच आणि राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन मेडिकेअरसारख्या (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) खर्चांवरून आमनेसामने आले. पहिल्या फेरीत सरकार पाच दिवस बंद राहिलं, दुसऱ्या फेरीत २१ दिवस. मधे एक प्रसंग घडला. इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना राष्ट्राध्यक्षांच्या विमानात आपल्याशी कुणी बोललं नाही आणि आपल्याला मागच्या दाराने उतरवलं, याचाही आपल्या ताठर भूमिकेशी संबंध आहे, असं गिंग्रिच पत्रकारांसमोर बोलून गेले. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने त्यांना पहिल्या पानावर लंगोटातल्या रडक्या बाळाच्या रूपात छापलं. त्या आठवड्यात सुमारे आठ लाख कर्मचारी घरी बसलेले होते.

२०१३मध्ये ओबामांचा आरोग्य विमा कायदा रोखण्यासाठी १६ दिवस सरकार बंद राहिलं. कायदा तसाच राहिला. पण त्या दिवसांत नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्ण घेणं बहुतांशी थांबलं. आठवड्याला सुमारे दोनशे रुग्ण परत पाठवावे लागतील आणि त्यांत तीसेक मुलं असतील, असं संस्थेच्या संचालकांनी तेव्हा सांगितलं होतं. त्या मुलांत बरीचशी कॅन्सरची. शटडाऊनची चर्चा निघाली की मला राजकारण्यांची भाषणं आठवत नाहीत, हा आकडा आठवतो.

२२ डिसेंबर २०१८ला ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागितले म्हणून सरकार बंद पडलं, ते ३५ दिवस. आठ लाख कर्मचाऱ्यांचे दोन पगार चुकले. अमेरिकेत पगार साधारण दर दोन आठवड्यांनी होतो, म्हणून झळ लगेच लागते. तटरक्षक दलाच्या जवानांची कुटुंबं मोफत धान्याच्या रांगेत उभी राहिली. शेवट कशाने झाला? २५ जानेवारी २०१९ला मोजकेच एअर ट्रॅफिक कंट्रोलर कामावर आले नाहीत, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमानं काही काळ रोखावी लागली, आणि त्याच दिवशी तोडगा निघाला. पुढच्या महिन्यात कुंपणासाठी मिळाले १.३७५ अब्ज डॉलर, आणि ट्रम्प यांनी उरलेल्यासाठी आणीबाणी जाहीर करून दुसरा मार्ग धरला. काँग्रेसच्या बजेट ऑफिसने हिशेब मांडला तेव्हा देशाचं सुमारे ११ अब्ज डॉलरचं उत्पन्न अडलं होतं आणि त्यातले ३ अब्ज कायमचे गेले होते. मागितलेल्या भिंतीच्या निम्म्याहून जास्त किंमत अशी हवेत विरली.

मग आला २०२५चा, तोवरचा सगळ्यांत लांब. ४३ दिवस. कोविडच्या काळात, २०२१मध्ये, विम्याच्या हप्त्यावर वाढीव सवलत सुरू झाली होती; ती डिसेंबर २०२५ला संपणार होती. दोन कोटींहून जास्त लोक तिचा फायदा घेत होते. ती वाढवा, मगच मत देऊ, असं डेमोक्रॅट म्हणाले. आधी सरकार उघडा, मग बोलू, असं रिपब्लिकन म्हणाले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं, म्हणून तर कोणीच मागे हटेना. सिनेटमध्ये तोच ठराव चौदा वेळा पडला.

या वेळी दोन गोष्टी नव्याने घडल्या. पहिली, घरी बसवलेल्या लोकांना कामावरूनच काढायला सुरुवात झाली. ऑक्टोबरात सुमारे चार हजार जणांना नोटिसा गेल्या. २०१९च्या कायद्याने थकलेला पगार मिळण्याची हमी दिली होती, तीसुद्धा सगळ्यांना लागू आहे का, अशी शंका व्हाइट हाउसकडून काढली गेली. शेवटच्या तडजोडीत नोटिसा मागे घेतल्या गेल्या आणि पगारही मिळाला. पण चाळीस दिवस त्या घरांमध्ये काय वातावरण असेल, याची कल्पना गिरणी संप पाहिलेल्या मुंबईकराला करून द्यायला नको.

दुसरी गोष्ट धान्याची. 'स्नॅप' ही गरिबांना महिन्याचं वाणसामान घ्यायला कार्डावर पैसे देणारी योजना. सुमारे ४ कोटी २० लाख लोक, म्हणजे दर आठ अमेरिकनांमागे एक जण तेव्हा तिच्यावर होता. आधीच्या कुठल्याच शटडाऊनमध्ये ती थांबली नव्हती. १ नोव्हेंबरला पहिल्यांदा कार्डावर पैसे आले नाहीत. राखीव निधी होता, पण तो महिन्याच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास. तो वापरायचा की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. काही राज्यांत पूर्ण पैसे आले, काहींत अर्धे, काहींत काहीच नाही. आपल्याकडे रेशन दुकानदार 'अजून माल आला नाही' म्हणतो तेव्हा त्या घरात जे होतं, तेच तिथेही झालं असणार.

७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं सक्तीने कमी करायला लागली, कारण बिनपगारी राबून थकलेले कंट्रोलर रजेवर जात होते. थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर होता. विमानं रद्द होऊ लागली आणि तीनच दिवसांत सिनेटमध्ये ६० मतं जमली. दोन्ही वेळा, २०१९ला आणि २०२५ला, शेवट विमानतळावर झाला हा योगायोग वाटत नाही. धान्याच्या रांगेतला माणूस टीव्हीवर दिसतो. रद्द झालेलं विमान खासदाराच्या स्वतःच्या प्रवासात आणि त्याला देणग्या देणाऱ्यांच्या प्रवासात आडवं येतं. १२ नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहात २२२ विरुद्ध २०९ मतांनी विधेयक मंजूर झालं, त्या रात्रीच सही झाली. सवलतीचं काय? डिसेंबरात मतदान घेऊ, एवढं आश्वासन मिळालं. मतदान झालं, ५१ मतं पडली, ६० हवी होती. वर्षअखेरीला सवलत संपली.

१९९५, २०१३, २०१९, २०२५. चारही वेळा ज्याने मागणी घेऊन दार अडवलं, त्याला ती मागणी मिळाली नाही. तरीही हत्यार पुन्हापुन्हा उचललं जातं, याचं कारण ते चालवणाऱ्याचा हात कापला जात नाही. खासदारांचा पगार घटनेतल्याच तरतुदीमुळे चालू राहतो. कर्मचाऱ्यांना उशिरा का होईना पैसे मिळतात. कंत्राटदाराकडून येणारी सफाई कामगार, कँटीनमध्ये भांडी घासणारा, संग्रहालयाच्या दारावरचा खासगी रक्षक, यांना मात्र बुडालेल्या दिवसांचे पैसे सरकार देत नाही. घरी बसवलेल्या अधिकाऱ्याला नंतर पूर्ण पगार आणि त्याचं ऑफिस झाडणारीला शून्य, ही त्या व्यवस्थेतली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट आहे. त्यांना भरपाई द्यावी अशी विधेयकं मांडली गेली आहेत. कायदा झालेला नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. शटडाऊन वेगळा आणि कर्जमर्यादेचा वाद वेगळा. कर्जमर्यादेच्या वादात आधीच मंजूर झालेल्या खर्चासाठी उधार घ्यायची परवानगी अडते. तिथे चूक झाली तर अमेरिकन रोख्यांवर विसंबून असलेलं सगळं जग हादरेल. शटडाऊनमध्ये कर्जाचे हप्ते, वृद्धांची पेन्शन, टपाल हे चालूच राहतं, कारण त्यांना दर वर्षीची मंजुरी लागत नाही. सोसायटीतल्या लिफ्टसारखं.

आपल्याकडे असं होऊ शकतं का? केंद्रात जवळजवळ नाही. आपल्या पद्धतीत मंत्रिमंडळ लोकसभेच्या बहुमतावर उभं असतं. विनियोजन विधेयक लोकसभेत पडलं, तर सरकारने बहुमत गमावलं असाच त्याचा अर्थ होतो. सरकार जातं, कचेऱ्या चालू राहतात. राज्यसभा धनविधेयक १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. आणि निवडणुकीमुळे अर्थसंकल्प लांबला तर लेखानुदान, म्हणजे मधल्या महिन्यांच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, असतं. २०२४मध्ये महाराष्ट्राने हेच केलं: फेब्रुवारीत अजित पवारांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला, पूर्ण अर्थसंकल्प जूनच्या अखेरीस आला, आणि मधल्या चार महिन्यांत कुठल्याही तलाठ्याचा पगार त्यापायी अडला नाही. उत्तराखंडमध्ये मार्च २०१६ला विनियोजन विधेयकावरूनच काँग्रेस पक्षाचे नऊ आमदार फुटले, विधेयक मंजूर झालं की नाही यावरच वाद पेटला, राष्ट्रपती राजवट आली. पण केंद्राने अध्यादेश काढून खर्चाची सोय केली. सरकार अडचणीत आलं, दवाखाने बंद झाले नाहीत.

म्हणून आपण फार पुढे आहोत, असं मात्र मी म्हणणार नाही. आपला दोष उलट टोकाचा आहे. आपल्याकडे अर्थसंकल्प अडवता येत नाही, म्हणून तो पाहिलाही जात नाही. मार्च २०२३मध्ये सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत गोंधळात, चर्चेविना, 'गिलोटिन' लावून, म्हणजे सगळ्या एकदम मताला टाकून, मंजूर झाल्या. तिथे एका विधेयकावर ४३ दिवस रस्सीखेच होते, इथे एका संध्याकाळी सगळं उरकतं. पैसा खर्च करण्याआधी लोकांच्या प्रतिनिधींना विचारायचं, हे मूळ तत्त्व दोन्हीकडे जखमी झालं आहे.

अमेरिकेत उपाय माहीत नाही असं नाही. मुदत संपली तर जुनाच खर्च आपोआप चालू राहील, एवढा एक कायदा केला की पुरे. दोन्ही पक्षांच्या खासदारांनी अशी विधेयकं मांडली आहेत. बेल्जियममध्ये २०१०-११ला दीड वर्षं पूर्ण अधिकाराचं सरकारच नव्हतं, तरी गेल्या वर्षीच्या खर्चाचा बारावा हिस्सा दर महिन्याला मिळत राहिला आणि शाळा-रेल्वे चालू राहिल्या. आक्षेप एवढाच की असा कायदा झाला तर कुणी नवा अर्थसंकल्प करायची तसदीच घेणार नाही. मला हा आक्षेप मान्य आहे, तरीही ती किंमत लहान वाटते. आळसाने चालणारं सरकार आणि ओलीस धरलेलं सरकार यांतलं निवडायचं असेल, तर त्या सफाई कामगार बाईच्या जागी उभं राहून मी पहिलं निवडेन.

२०२५च्या शटडाऊनमध्ये श्रम सांख्यिकी विभागाचे कर्मचारीही घरी होते. घरोघर फोन करून 'गेल्या आठवड्यात तुम्हाला काम होतं का' असं विचारणारं मासिक सर्वेक्षण ऑक्टोबरात झालंच नाही, आणि महिना उलटल्यावर ते मागे जाऊन करता येत नाही. त्यामुळे १९४८ पासून दर महिन्याला भरत आलेल्या बेरोजगारीच्या तक्त्यात ऑक्टोबर २०२५चा रकाना रिकामा आहे.